चाकोरी

पहाटे तीनला ओत्मार यंत्र सुरू करतो.
क्लबच्या लाकडी खोलीची खिडकी थरथरते,
खिळ्याला टांगलेल्या किल्ल्या एकमेकींवर आपटतात.
थर्मासमध्ये चहा, चहात थोडी रम.
बायकोला सांगू नका, असं तो दर वेळी बजावतो.
थर्मास तीच भरते.

मागचा नांगर बर्फ उलथतो, चेचतो, सपाट करतो
आणि कडेला दोन खाचा पाडत जातो
समांतर,
एका माणसाच्या दोन पायांत असावं तेवढंच अंतर ठेवून.

जगात सगळे चाकोरीला नावं ठेवतात.
बाहेर पडा म्हणतात. शाळेतसुद्धा तेच शिकवतात.
इथे यिझेराच्या डोंगरात आम्ही एकतीस माणसं
वर्गणी काढून चाकोरी पाडतो.
रात्रीत बुजली
तर पुन्हा पाडतो.

मी खजिनदार. माझ्या वहीत
डिझेल, निळं मेण सहा डब्या, लाल दोन,
मोडलेली काठी (हिनेकची, यंदाची तिसरी),
आणि शेवटच्या रकान्यात बर्फाची खोली, सेंटिमीटरमध्ये.
जुन्या पानांवर वडिलांचं अक्षर:
एकशे चाळीस. एकशे पासष्ट.
एके दिवशी आकडाच नाही, नुसतं 'दार उघडत नाही'.
पुढच्या पानांवर माझं:
अडतीस. बावीस. नऊ.
या जानेवारीत तीन आठवडे रकाना कोराच राहिला.
शून्य लिहायला हात धजेना.

लुद्मिला सांगते, ती तरुण होती तेव्हा
बर्फ होता, जंगल नव्हतं.
खालच्या वीजघरांचा धूर ढगांत मुरायचा
आणि स्प्रूसची झाडं उभ्याउभ्या वाळायची.
सगळा डोंगर माशाच्या काट्यासारखा.
तेव्हा यंत्र कुठलं,
पुढचा दमला की बाजूला व्हायचा,
मागचा पुढे यायचा, वाट अशी पडायची.
वसंतात स्की माळ्यावर टाकून
हीच माणसं पाठपिशवीत रोपं घेऊन निघायची.
बूट दलदलीत रुतायचे, रोप हातात तसंच.
'जगतील असं वाटलं होतं?' मी विचारलं.
'छे,' ती म्हणाली, 'पण रविवारी दुसरं काय करणार?'

फेब्रुवारीत मुलांची शर्यत.
कुरणं उघडी पडलेली, पिवळं गवत चपटं झालेलं,
पाणथळीवरच्या फळ्या ओल्या काळ्या.
फक्त नवव्या किलोमीटरच्या वळणावर,
त्या रोपांच्या आता दाट झालेल्या सावलीत
बर्फ टिकून होता,
कुणी उसना ठेवून विसरून जावा तसा.
आम्ही ताडपत्र्या घेऊन गेलो.
खड्ड्यातून, ओहोळाच्या काठावरून, झाडांच्या बुंध्यांमागून
फावड्याने ओढून आणला, पसरला, तुडवला.
यंत्राचं वजन त्याला झेपणार नव्हतं.
मग ओत्मारने लाकडी स्की बांधल्या
आणि स्वतःच गेला, आला, गेला, आला,
पाय घासत, ओठांत काहीतरी पुटपुटत.
बहुतेक शिव्या.
त्याच्यामागून लुद्मिला, गुडघ्याला पट्टी बांधून.

पंधरा किलोमीटरची शर्यत आठशे मीटरची झाली.
छातीवर क्रमांक लावून मुलं सुटली.
बार्तोलोमेय, वय सहा, क्रमांक एकोणीस,
मध्येच थांबला आणि चाकोरीबाहेर पडून
बर्फात पालथा झाला.
आम्हाला वाटलं, रडणार.
तो सशाची पावलं बघत होता.
ससा रात्री आमच्या दोन खाचा तिरका ओलांडून गेला होता,
एक पैसा वर्गणी न भरता.

कुणी ओरडलं नाही.
हिनेकने घड्याळ थांबवलं, मग आठवलं,
ते सुरूच केलं नव्हतं.
खसखशीचे पाव वाटले. ओले मोजे डोक्यावरच्या दोरीला चढले.
चिठ्ठीवर निकाल लिहिला तर चौथा क्रमांक दोघांना गेला,
तो तसाच ठेवला.

रात्री वही उघडली.
आकडा लिहिला: अकरा.
थोडा वेळ पेन तसंच धरून बसले,
मग शेजारी, रकान्याबाहेर,
लहान अक्षरात: सावलीत.